धूळ आज, माणसं परवा

“काकू, फिर से कहिए ना,” अंतरा म्हणाली, आणि शुभदाने ते पुन्हा म्हटलं, “धूळ आज, माणसं परवा.” हेमचंद्र दारात एक बूट काढून उभा होता. दुसऱ्या बुटाची नाडी हातात तशीच राहिली. शनिवार असल्यामुळे तो लवकर घरी आला होता, दार नुसतं लोटलेलं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर दोघींची डोकी एका वहीवर इतकी जवळ आली होती की अंतराच्या केसांची एक बट शुभदाच्या खांद्यावर पडली होती. तो आल्याचं त्यांना कळलंच नाही. शुभदाच्या हातात पेन्सिल होती. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिच्या हातात पेन्सिल त्याने पाहिली होती ती धोब्याकडे टाकलेले कपडे लिहिताना. ही निराळी धरलेली होती. वहीच्या एका रकान्यातून शेजारच्या रकान्यात ती तिरकी जात होती, दोन ओळी खाली. भाजीत मीठ जास्त झालंय म्हणावं इतक्या सहज ती ते वाक्य बोलली होती. अकरा वर्षं आपण हेच वाक्य शोधत होतो हे हेमचंद्रला ते ऐकल्यावर कळलं. त्याने दुसरा बूट मुद्दाम जोरात काढला. “अरे, सर!” म्हणत अंतरा उठली. शुभदाने मात्र आधी ओळ पुरी केली आणि मग वर पाहिलं. “चहा टाकते,” ती म्हणाली. ती ओळ आधी पुरी केलेली त्याच्या ध्यानात राहिली.

अकरा वर्षं तो लखनऊची हवा मोजत होता. चारबाग स्टेशनाजवळच्या एका सरकारी इमारतीच्या गच्चीवर त्याच्या संशोधन संस्थेचं यंत्र होतं. ते दिवसरात्र हवा ओढायचं आणि पांढऱ्या फिल्टरवर धूळ धरायचं. रोज सकाळी साडेदहाला फिल्टर बदलायचा, जुना संस्थेत आणून तोलायचा, आकडा हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. टेंपोंचा धूर, कोळशाच्या शेगड्या, रस्त्याची माती हे सगळं त्या कागदावर येऊन बसायचं आणि नुसत्या रंगावरून तो आकडा ओळखू शकायचा. कुडाळला वाढलेल्या माणसाला हवा ही मोजायची वस्तू आहे हे आधी विचित्र वाटलं होतं, मग त्याला त्याचा अभिमान वाटू लागला. एकोणनव्वद साली त्याने एका रुग्णालयाच्या तीन महिन्यांच्या नोंदी मिळवल्या होत्या आणि दम लागून दाखल झालेल्यांचा रोजचा आकडा त्याच दिवसाच्या धुळीशेजारी मांडून पाहिला होता. काही जुळलं नव्हतं. धूळ जास्त त्या दिवशी माणसं कमी, धूळ कमी तेव्हा कधीकधी जास्तच. ‘थेट संबंध दिसत नाही’ असा चार पानांचा लेख लिहून त्याने तो विषय मिटवला होता, आणि नंतर कोणी विचारलं तर ती चार पानं त्याला पुढे करता येत. त्याच दिवसाच्या धुळीशेजारी. रकाना दोन घरं खाली सरकवावा हे त्याच्या मनात का आलं नाही? माणूस धूळ घेतो, घरी जातो, एक दिवस खोकतो, दुसऱ्या दिवशी अंगावर काढतो, मग श्वास पुरेना झाला की त्याला रिक्षात घालून नेतात. यात संशोधन करण्यासारखं काय होतं? हे शेजारच्या बाईनेही सांगितलं असतं. घरातल्या बाईने सांगितलं होतं.

तसं पाहिलं तर अंतराला घरी त्यानेच आणलं होतं. दीड वर्षापूर्वी ती त्याच्या विभागात लागली. वडील फौजेत सुभेदार, मूळचे साताऱ्याकडचे. पोर छावणीत जन्मली, छावणीत वाढली. मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीत. एका रविवारी पोहे खाता खाता ती म्हणाली की तिला हवा आणि दम हा विषय पुन्हा उघडायचा आहे, दोन हिवाळ्यांच्या रुग्णालयाच्या नोंदी तिने मागितल्या आहेत, पण रजिस्टरं डोंगराएवढी, अक्षर वाईट, एकाने वाचायचं आणि एकाने लिहायचं असं माणूस हवं. “मी येऊ?” शुभदा म्हणाली. हेमचंद्र हसला. वाईट हेतूने नाही. मुलगा विक्रम पुण्याला शिकायला गेल्यापासून तिला घर खायला उठतं हे त्याला माहीत होतं. “हिलाही कॉलेजात गणित होतं वाटतं,” तो अंतराला म्हणाला. “संख्याशास्त्र,” शुभदा म्हणाली, “पहिला वर्ग.” आणि ती आणखी पोहे आणायला आत गेली. संख्याशास्त्र. तिच्या सांगलीच्या घरी तिला पाहायला गेले तेव्हा कोणीतरी ते सांगितलं होतं खरं. मग त्याची बदली, विक्रमचा जन्म, लखनऊ. तो शब्द ती कुठे ठेवून आली हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरपासून आठवड्यातून तीन दुपारी ती जाऊ लागली. रुग्णालयाच्या तळघरात नोंदींची खोली होती, एक दिवा, लोखंडी घोडे आणि त्यांवर बांधून ठेवलेली रजिस्टरं. संध्याकाळी ती यायची तेव्हा तिच्या भुवयांवर धूळ असायची आणि ती जेवताना बोलायची. पूर्वी जेवताना तो बोलायचा. “आज सात वर्षांची एक मुलगी होती आणि एक म्हातारा, त्र्याहत्तरचा. एकाच तारखेला, एकाच पत्त्यावरचे. नात नि आजोबा असतील, नाही?” त्याच्या आकड्यांना पत्ता नव्हता. तिच्या आकड्यांना वय होतं, मोहल्ला होता, कोणी आणलं त्याचं नाव होतं. ती ते अंतराबरोबर वाचत होती, अंतराबरोबर गप्प होत होती, आणि त्याच्यापर्यंत जे येत होतं ते उरलंसुरलं होतं. आपल्याला नेमका कशाचा हेवा वाटतो हे तो स्कूटरवर, वजनकाट्यासमोर, दाढी करताना तपासून पाहू लागला. अंतराच्या वयाचा? तो त्यालाही कळण्यासारखा होता. तिला सुचलेल्या कल्पनेचा? तोही. पण शुभदा जिना चढता चढता थांबायची तेव्हा ती मुलगीही थांबायची, चावी शोधल्यासारखी पर्स उघडून बसायची, आणि दोघी एकदमच पुन्हा चढू लागायच्या. ते पाहिलं की त्याला जे व्हायचं ते या दोन्हींत बसत नव्हतं. वरच्या दारात उभं राहून तो त्यांची वाट बघायचा आणि त्याला वाटायचं, एवढं काय लाडात येऊन थांबायचं?

ते वाक्य ऐकलं त्यानंतरच्या सोमवारी त्याने तोलायच्या खोलीचं दार लावून घेतलं. एकोणनव्वदचे कागद काढले. धुळीच्या आकड्यांची पट्टी कापली, माणसांच्या आकड्यांची कापली, आणि दुसरी पट्टी दोन घरं वर सरकवली, म्हणजे प्रत्येक दिवसाच्या धुळीसमोर परवाची माणसं आली. चढ चढासमोर आला, उतार उतारासमोर. इतकं स्वच्छ की त्याला हसू आलं. तीन महिन्यांत दोनच दिवस बिघडत होते आणि त्यातला एक होळीचा होता. त्याने पट्ट्या खणात टाकल्या, खणाला कुलूप लावलं, हात धुतले. त्याच दुपारी अंतरा आली.

“सर, चारबाग के रोज़ के आँकड़े चाहिए थे. पिछली दो सर्दियों के, और इस बार के भी. अभी तो हमारे पास बस वही धूल के दिन हैं जो आपने घर में बताए थे.”

“रोजचे भरवशाचे नाहीत. मधे मधे वीज जायची, यंत्र थांबायचं. आठवड्याची सरासरी देतो.”

“लेकिन सर, सरासरी में तो दो दिन का फ़र्क़ दिखेगा ही नहीं.”

“मग नाही दिसणार. जे नाही ते ओढूनताणून दाखवायचं का?”

तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिला फक्त वाईट वाटलं होतं. “जी सर,” म्हणून ती गेली. संध्याकाळी आमटी वाढताना शुभदाने विचारलं, “रोजच्या वह्या तर तुमच्या कपाटात आहेत ना? हिरव्या?” “त्या कच्च्या आहेत,” तो म्हणाला. तिने भात वाढला. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. तिने वाद घालावा म्हणून तो दोन दिवस घरात उगाच आवाज चढवून बोलला, पण तिने घातला नाही. ती त्याच्याशी भांडत नव्हती, कारण भांडण्याजोगं जे होतं ते आता दुसरीकडे होतं, असं त्याला वाटलं.

डिसेंबर गेला. सरासरीच्या आकड्यांतून काहीच निघेना; अंतराचा चेहरा उतरला, आणि त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटलेलं आवडलं नाही, पण बरं वाटतच राहिलं. तरी दोघी रुग्णालयात जातच होत्या. जानेवारीत धुकं बसलं ते उठेना. तेरा तारखेला, मंगळवारी, मदतनीस रजेवर होता म्हणून हेमचंद्र स्वतः चारबागच्या गच्चीवर गेला. यंत्राचं झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला. फिल्टर काळा होता. करडा, मातकट, तपकिरी असे सगळे रंग त्याने पाहिले होते. हा तव्याच्या पाठीसारखा काळा होता. वारा अजिबात नव्हता. खाली टेंपोंची रांग होती आणि त्यांचा धूर वर न जाता रस्त्यावरच रजईसारखा पसरला होता. त्याने वहीत वेळ लिहिली, शेरा लिहिला, नवा फिल्टर बसवला. त्या क्षणी त्याच्या मनात अगदी स्पष्ट आलं, परवा, गुरुवारी, तिथे माणसं येतील. ते शुभदाच्या आवाजात आलं. त्याने वही मिटली.

जेवायला तो निशातगंजला घरी आला तेव्हा बारा वाजत होते. शुभदा दारातच शाल गुंडाळत होती. दुसऱ्या दिवशी संक्रांत. लखनऊतल्या आठदहा मराठी बायका हळदीकुंकवाला येणार होत्या आणि लुटायला वाण आणायचं होतं. “अमीनाबादला जातोय. अंतरा आलीय स्कूटर घेऊन. तुमचं ताट झाकलंय.” फाटकाशी अंतरा रुमाल नाकाला बांधून उभी होती. तिने हात वर केला. हेमचंद्रच्या पिशवीत तो काळा कागद घडी घालून पाकिटात होता. आज नका जाऊ, एवढे तीन शब्द. पण ते बोलले की पुढचा प्रश्न येणार होता, का? आणि त्याचं उत्तर एकच होतं: तुम्ही म्हणता ते खरं आहे. अंतरा फाटकाशी उभी असताना, शाल गुंडाळताना त्याच्याकडे न बघणाऱ्या बायकोला हे म्हणायचं. “लवकर या,” तो म्हणाला. स्कूटर सुरू झाली. शुभदाने मागे बसून अंतराच्या कमरेला हात घातला आणि ती काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. तो जेवला. वांग्याची भाजी चांगली झाली होती.

गुरुवारी दुपारी तो एक कागद विसरला म्हणून घरी आला. शुभदा स्वयंपाकघरात खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून उभी होती. तिचे खांदे वरखाली होत होते आणि घशातून शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. “शुभदा!” तिने मान वळवली. बोलायला तिच्याजवळ श्वास नव्हता. ओठ निळसर झाले होते. शेजारच्या गृहस्थांची गाडी मिळाली. रस्ताभर तिने त्याचा हात धरला नाही. तिला दोन्ही हात पुढच्या सीटला रेटायला हवे होते. रुग्णालयात अपघात विभागाच्या ओसरीवर माणसं नुसती बसलेली होती, सगळी पुढे वाकून, सगळी एकच काम करत असल्यासारखी. त्याने ती मोजली नाहीत. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने शुभदाच्या तोंडावर मुखवटा लावला आणि त्याच्याकडे वळली.

“कब से है इनको?”

“आजच. दुपारी.”

“नहीं, दमा कब से है?”

“दमा नाही... दमा नहीं है इनको.”

डॉक्टरिणीने शुभदाकडे पाहिलं. मुखवट्याआडून शुभदाने चार बोटं वर केली.

“चार साल. कौन-सी दवा लेती हैं? पंप लेती हैं? दिन में कितनी बार? पिछली बार स्टेरॉइड कब लिया?” हेमचंद्रही शुभदाकडे बघू लागला. “आप हस्बैंड हैं ना?” ती म्हणाली, टोमणा म्हणून नव्हे, खात्री करून घ्यायला. शुभदाने डोळ्यांनी पर्सकडे खूण केली. त्याने ती उघडली. रुमाल, किल्ल्या, पेन्सिलीचं टोक आणि एक निळा पंप, वापरून गुळगुळीत झालेला. आतल्या कप्प्यात चिठ्ठी होती, अंतराच्या अक्षरात, तिच्या घरचा आणि संस्थेतला फोन. रस्त्यापलीकडे एसटीडीची टपरी होती. तिथे उभं राहून त्याने अंतराला फोन लावला आणि स्वतःच्या बायकोबद्दल विचारलं. अंतराने एकदाही न अडखळता सगळं सांगितलं, गोळीचं नाव, पंपाचं नाव, कोणती गोळी चालत नाही, ऑक्टोबरात एकदा तळघरात त्रास झाला होता तेव्हा काय दिलं होतं. तो हातावर लिहून घेत होता. “सर, मैं आ रही हूँ,” ती म्हणाली. “ये,” तो म्हणाला. आणि फोन ठेवताना, शुभदाचा श्वास तिकडे अडकलेला असताना, हातावर औषधांची नावं असताना, त्याच्या मनात आलं ते हे, की ऑक्टोबरात ही शुभदाजवळ होती. आपण असे आहोत हे त्याला त्या टपरीत कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा निघाला होता. अंतरा खाली चहा आणायला गेली तेव्हा त्याने विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं.” ती दोन शब्दांनंतर थांबत होती. “पहिल्याच वर्षी. नोव्हेंबर होता. म्हटलं, अहो, मला आज श्वास पुरत नाहीये, हवेचं असेल का. तुम्ही म्हणालात, आज तर हवा स्वच्छ आहे, मी स्वतः मोजलीय.”

“मग?”

“मग काय. तुम्ही मोजली होती. मला वाटलं, माझंच काहीतरी.” तिने डोळे मिटले. “नंतर दिवस लक्षात ठेवायला लागले. तुम्ही फार धूळ म्हणून सांगत यायचात त्याच्या तिसऱ्या दिवशी मला व्हायचं. तुम्हाला परत सांगायचं धाडस झालं नाही. तळघरात ती रजिस्टरं वाचताना कळलं, मी एकटी नाही. सगळ्यांचंच तसं आहे.”

खरंच त्या दिवशी हवा स्वच्छ असेल. त्याने ती नीट मोजली असेल. आपल्या कामात त्याने कधी चूक केली नव्हती, आणि तिला हे ऐकवताना तो कसा बोलला असेल, चष्मा पुसत, दयाळूपणे, ते त्याला आता दिसत होतं. त्याच दुपारी संस्थेत जाऊन त्याने कपाटातून हिरव्या वह्या काढल्या, खणातल्या पट्ट्या काढल्या, आणि अंतराच्या टेबलावर ठेवायला म्हणून गेला. मग तिथे न ठेवता घरी आणल्या. शुभदाने त्या आधी बघाव्यात, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सोमवारी तिला घरी सोडलं. पुढच्या रविवारी ती खिडकीपाशी पलंगावर उशांना टेकून बसली होती आणि मांडीवर या हिवाळ्याची वही होती. चार वाजता अंतरा यायची होती. हेमचंद्र खुर्चीत बसून तिचं पान उलटणं बघत होता. ती भराभर वाचत होती, सरावलेल्या माणसासारखी, बोट आकड्यांवरून खाली नेत. जानेवारीत आल्यावर बोट मंद झालं. मग तेरा तारखेवर थांबलं.

“साडेदहा,” ती म्हणाली.

शेरा त्याच्याच अक्षरात होता: काळाकुट्ट, वारा नाही.

“जेवायला आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि आमचं ते, परवाचं. ते तुम्हाला तेव्हा खरं वाटत नव्हतं, म्हणून बोलला नाहीत?”

तिने त्याच्यासाठी वाट काढून ठेवली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. आपल्याला खोटं बोलता येतं हे त्याला आता पक्कं ठाऊक होतं आणि म्हणूनच ते त्याच्याने होईना. “वाटत होतं,” तो म्हणाला. “नोव्हेंबरातच ताडून पाहिलं होतं मी. तंतोतंत जुळलं होतं.”

शुभदाने खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या गच्चीवर कोणीतरी रजया वाळत घातल्या होत्या. तिच्या श्वासाचा आवाज खोलीत येत राहिला, आत जाताना थोडा खरखरणारा. त्याला वाटलं ती रडेल, किंवा वही फेकेल. “तुम्हाला माझा एवढा राग आला होता?” तिने शेवटी विचारलं. राग नव्हे, असं तो म्हणणार होता. पण मग काय होतं ते सांगावं लागलं असतं, आणि त्या शब्दाला पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या तोंडात जागा नव्हती. “हो,” तो म्हणाला. जिन्यावर पावलं वाजली. दार लोटलेलंच होतं.

“काकू! अरे वाह, आज तो बैठी हैं!” अंतरा पलंगाच्या कडेवर येऊन बसली. वह्यांचा गठ्ठा पाहून तिने एकदा हेमचंद्रकडे पाहिलं. “थैंक यू, सर,” ती म्हणाली, आणि त्यात एकही प्रश्न नव्हता. मग ती शुभदाच्या मांडीवरच्या वहीवर वाकली. शुभदाने हात हलवला नाही. तिचा तळहात शेऱ्याच्या रकान्यावर पालथा पडला होता, सहज पडावा तसा. फक्त तारखा आणि आकडे उघडे होते.

“ग्यारह सौ चालीस! बाप रे. तेरह जनवरी... काकू, ये तो वही दिन है. जब हम अमीनाबाद गए थे.” अंतराचा आवाज उतरला. “मैं ही ले गई थी आपको. पता होता तो...”

“किसे पता था, बेटा,” शुभदा म्हणाली. तिने पान उलटलं. “चल, लिही. मी सांगते.”

तिने हेमचंद्रकडे पाहिलं नाही. ती पुढे कधी त्याच्याकडे पूर्वीसारखी पाहील की नाही हे त्याला माहीत नव्हतं, बहुधा नाही. ती आकडे वाचू लागली, एक आकडा, मग श्वास, मग पुढचा, आणि अंतरा लिहू लागली. तो खुर्चीत बसून राहिला. या घरात आता एक गोष्ट होती जी शुभदाला माहीत होती आणि त्याला माहीत होती, आणि अंतराला माहीत नव्हती. कितीतरी महिन्यांनी. त्याला त्याचा आनंद झाला. कसला आनंद होता तो, हे त्याला पुरतं समजत होतं. शरमेने त्याचे कान तापले, त्याने मान खाली घातली, पण आनंद तसाच राहिला.